तलवारवाला भारी की जादूगार? हा हिशेब कागदावर मांडणाऱ्या गॅरी गायगॅक्सची गोष्ट

मोबाइलवर लढाईचा एखादा गेम सुरू केला की पहिला प्रश्न येतो, पात्र कोणतं निवडायचं? एकाकडे भलीमोठी तलवार असते आणि अंगभर चिलखत. दुसऱ्याच्या अंगावर साधा झगा आणि हातात काठी, पण तो आगीचे गोळे फेकतो. तिसरा अंधारातून येतो आणि पाठीत सुरा खुपसतो. प्रत्येकाची एक लेव्हल असते, आणि मार बसला की कमी होत जाणारे पॉइंट असतात.

हे सगळं आता इतकं सवयीचं झालंय की ते कधीतरी कुणीतरी बसून ठरवलं असेल, हे लक्षातही येत नाही. पण ते ठरवलं गेलं होतं. तेव्हा ना मोबाइल होते, ना घरोघरी कॉम्प्युटर. कागद, पेन्सिल आणि फासे एवढंच साहित्य होतं. हातघाईच्या लढाईत कोण किती भारी, याचा हिशेब ज्यानं तक्त्यांमध्ये मांडला, तो अमेरिकेतल्या एका छोट्या गावात राहणारा, विम्याची नोकरी गेलेला आणि घराच्या तळघरात बूट दुरुस्त करून संसार चालवणारा माणूस होता. त्याचं नाव गॅरी गायगॅक्स. डेव्ह आर्नेसन यांच्यासोबत त्यानं तयार केलेल्या खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स.

व्हायोलिन वाजवणाऱ्याचा मुलगा

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्सचा जन्म २७ जुलै १९३८ चा, शिकागोतला. वडील स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आलेले. ते व्हायोलिन वाजवायचे, शिकागोच्या नामांकित सिम्फनी ऑर्केस्ट्रातही त्यांनी वाजवलं होतं. रात्री झोपताना ते मुलाला जादूगारांच्या आणि शूरवीरांच्या गोष्टी सांगायचे. १९४६ साली हे कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावी राहायला आलं. तळ्याकाठचं हे गाव म्हणजे शिकागोच्या श्रीमंतांचं सुट्टीचं ठिकाण. गॅरीचं जवळपास सगळं आयुष्य याच गावात गेलं.

लहानपणीच त्याला पत्त्यांचा आणि बुद्धिबळाचा नाद लागला. त्याच्या जोडीला वाचनाचं वेड होतं. रॉबर्ट हॉवर्डचा तलवारबहाद्दर कोनन, फ्रिट्झ लायबरचे दोन भटके साहसवीर, जॅक व्हान्सचे विचित्र जादूगार, अशा स्वस्त मासिकांतल्या आणि पुस्तकांतल्या गोष्टींवर तो वाढला. या लेखकांची नावं लक्षात ठेवा, कारण पुढे खेळाच्या नियमांत ती जागोजाग डोकावतात.

शाळेत मात्र त्याचं मन रमलं नाही. हायस्कूल त्यानं अर्धवट सोडलं. नौसैनिक दलात भरती झाला, पण न्यूमोनियामुळे लवकरच परत यावं लागलं. १९५८ मध्ये मेरी जो पॉवेल हिच्याशी लग्न झालं. पुढे संसार वाढत गेला, पाच मुलं झाली. पोटासाठी गॅरी शिकागोच्या एका विमा कंपनीत लागला. कुठल्या गिऱ्हाइकाचा धोका किती आणि त्यासाठी हप्ता किती घ्यायचा, हे ठरवण्याचं त्याचं काम होतं. थोडक्यात, शक्यता आकड्यांत मांडायच्या. या कामाचा त्याला नंतर भलताच उपयोग झाला असणार, असं त्याचे नियम वाचताना वाटत राहतं.

हॉलचं भाडं पन्नास डॉलर

त्या काळात अमेरिकेत युद्धखेळांचा एक छोटा पण कट्टर कंपू होता. ही मंडळी टेबलावर नकाशे पसरायची, शिशाचे चिमुकले सैनिक मांडायची आणि नेपोलियनच्या किंवा अमेरिकन यादवीतल्या लढाया पुन्हा लढायची. कोण जिंकलं हे फासे आणि तक्ते ठरवायचे. गायगॅक्स यांनाही हे वेड लागलं. कामावरून घरी आलं की रात्री उशिरापर्यंत ते टाइपरायटरवर नियम, पत्रं आणि लेख बडवत बसायचे.

१९६८ साली त्यांनी गावातला हॉर्टिकल्चरल हॉल पन्नास डॉलरला भाड्यानं घेतला आणि देशभरातल्या खेळाडूंना बोलावलं. या मेळाव्याचं नाव ठेवलं जेन कॉन. गावाचं नाव जिनिव्हा, म्हणून जेन, आणि कन्व्हेन्शनचं कॉन. हा मेळावा आजही दरवर्षी भरतो आणि टेबलावरच्या खेळांच्या जगातल्या सर्वात मोठ्या मेळाव्यांमध्ये गणला जातो.

पुढच्याच वर्षी, १९६९ च्या मेळाव्यात, गायगॅक्स यांची गाठ मिनेसोटाहून आलेल्या एका तरुणाशी पडली. तो होता डेव्ह आर्नेसन. दोघांनाही जहाजांच्या लढायांचे खेळ आवडायचे, त्यातून मैत्री जमली.

आणि मग १९७० मध्ये गायगॅक्स यांची नोकरी गेली. घरात सात माणसं खाणारी. त्यांनी बूट दुरुस्तीचं यंत्र तळघरात बसवलं आणि चांभारकाम सुरू केलं. त्या कमाईत घर कसंबसं चालायचं. पण आता खेळांसाठी वेळ मात्र भरपूर होता.

चार माणसांइतका एक वीर

१९७१ साली गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी मध्ययुगीन लढायांसाठी नियमांचं एक छोटं पुस्तक काढलं, चेनमेल. त्यात एका मूर्तीनं वीस सैनिक दाखवायची सोय होती. तसंच एकास एक लढाईचा वेगळा तक्ता होता. त्यात हल्लेखोराच्या हातातलं हत्यार आणि समोरच्याच्या अंगावरचं चिलखत यांची जोडी बघायची आणि दोन फासे टाकायचे. इथपर्यंत सगळं इतिहासाला धरून होतं.

पण पुस्तकाच्या शेवटी गायगॅक्स यांनी एक पुरवणी जोडली. त्यात ड्रॅगन होते, राक्षस होते, आणि शूरवीर व जादूगारही होते. नियम असा की एक वीर चार माणसांच्या बळानं लढतो, आणि महावीर आठ जणांच्या. वीराला पाडायचं तर एकाच वेळी चार जीवघेणे वार बसायला हवेत. जादूगाराचं गणित वेगळं होतं. त्याचा आगीचा गोळा मोठ्या गोफणयंत्राच्या माऱ्याइतकी जागा व्यापायचा, आणि विजेचा लोळ तोफेच्या माऱ्याइतकी. म्हणजे तलवारवाला ही एका माणसात कोंबलेली पायदळाची तुकडी, आणि जादूगार हा चालताबोलता तोफखाना.

इतिहासप्रेमी खेळाडूंपैकी काहींनी नाकं मुरडली. पण पुस्तक खपलं ते या पुरवणीमुळेच.

तळघरातून भुयारात

तिकडे मिनेसोटात आर्नेसन यांनी चेनमेल हाती घेतलं आणि खेळाचा नूरच पालटला. त्यांच्या गटातले खेळाडू सैन्य चालवत नव्हते. प्रत्येकाकडे फक्त एक पात्र होतं. ते पात्र घेऊन ब्लॅकमूर नावाच्या काल्पनिक किल्ल्याखालच्या भुयारांत उतरायचं. आत काय दडलंय ते फक्त आर्नेसन यांना ठाऊक. एकाच वारात पात्र मेलं की खेळाडू हिरमुसायचे, म्हणून त्यांनी जहाजांच्या खेळांतली कल्पना उचलली. जहाज जसं अनेक गोळे खाऊन मग बुडतं, तसं पात्रानंही काही मार सोसावा. हेच हिट पॉइंट. शिवाय पात्र एका मोहिमेतून वाचलं तर पुढच्या वेळी ते अनुभवानं थोडं वरचढ व्हायचं.

१९७२ च्या अखेरीस आर्नेसन लेक जिनिव्हाला आले आणि गायगॅक्स यांना हा खेळ खेळवून दाखवला. गायगॅक्स अक्षरशः झपाटले. त्यांनी आर्नेसन यांच्याकडून टिपणं मागवली आणि पुढच्या काही आठवड्यांत पन्नासएक पानांचा मसुदा टाइप केला. त्यांची मुलं, अर्नी आणि एलिस, या नव्या खेळाचे पहिले खेळाडू ठरली. गायगॅक्स यांच्या भुयारांच्या जगाचं नाव होतं ग्रेहॉक.

मोठ्या प्रकाशकांना यात काही दम दिसला नाही. पट नाही, सोंगट्या नाहीत, जिंकणारा-हरणारा नाही, हा कसला खेळ? अखेर ऑक्टोबर १९७३ मध्ये गायगॅक्स आणि त्यांचे बालमित्र डॉन के यांनी टीएसआर नावाची कंपनी काढली. के यांनी स्वतःच्या विमा पॉलिसीवर कर्ज काढून पैसे घातले. पुढे ब्रायन ब्लूम दोन हजार डॉलर घेऊन भागीदार झाले. जानेवारी १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स बाजारात आला. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार. खोकी भरण्याचं काम घरीच चालायचं. वर्षभराच्या आत सगळ्या प्रती संपल्या.

सुरुवातीला सगळे सारखेच

या पहिल्या आवृत्तीत पात्रांचे तीनच वर्ग होते. फायटिंग-मॅन म्हणजे लढवय्या, मॅजिक-यूजर म्हणजे जादूगार, आणि क्लेरिक म्हणजे चिलखत घालून गदा चालवणारा पुरोहित. यातला पुरोहित आर्नेसन यांच्या गटातून आलेला. तिथे एका खेळाडूचं पात्र व्हँपायर झालं होतं आणि कुणालाच आवरेना, म्हणून त्याच्यावर उतारा म्हणून हा वर्ग जन्मला.

आता गंमत बघा. पहिल्या लेव्हलला हे तिघेही वार करताना एकाच तक्त्यावर होते. वीस बाजूंचा फासा टाकायचा. समोरचा उघडाबोडका असेल तर १० किंवा जास्त हवेत, पूर्ण चिलखत आणि ढाल असेल तर १७ किंवा जास्त. हत्यार कुठलंही असो, सुरा किंवा तलवार, इजा तेवढीच, सहा बाजूंच्या एका फाशाइतकी. लढवय्याला जगण्यासाठी मिळायचा तो सहाचा एक फासा आणि वर एक पॉइंट, बाकीच्यांना नुसता फासा.

मग फरक कुठे? एक तर चिलखतात. जादूगाराला ते घालताच यायचं नाही, आणि हत्यार म्हणून फक्त सुरा. दुसरं म्हणजे वाढीच्या वेगात. लढवय्याचा वार दर तीन लेव्हलनंतर सुधारायचा, पुरोहिताचा दर चार, आणि जादूगाराचा दर पाच. सगळे एकाच ओळीत उभे राहून धावायला लागतात आणि हळूहळू अंतर पडत जातं, तसं हे होतं.

खेळाडूंना हे पुरेसं वाटेना. तलवार आणि सुरा सारखेच कसे? मग १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत गायगॅक्स यांनी हत्यारांना वेगवेगळी इजा दिली. लढवय्याला आठ बाजूंच्या फाशाचे हिट पॉइंट दिले, जादूगाराला चारच्या. अंगात कमाल ताकद असली तर तिच्यावर आणखी जादा टक्के मिळवण्याचा हक्क फक्त लढवय्यालाच ठेवला. याच पुरवणीत थीफ, म्हणजे चोर, हा चौथा वर्गही आला.

नवव्या लेव्हलचा हिशेब

१९७७ ते १९७९ या काळात गायगॅक्स यांनी खेळाची विस्तारित आवृत्ती तीन जाड पुस्तकांत लिहून काढली. तिचं नाव अॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स. हातघाईत कोण किती भारी, याचं त्यांचं सर्वात तपशीलवार उत्तर या पुस्तकांत आहे. ते समजून घ्यायला नवव्या लेव्हलची चार पात्रं घेऊ. समोरचा शत्रू भक्कम चिलखतात आहे. या खेळात चिलखताचा आकडा जितका लहान तितका बचाव चांगला. पूर्ण चिलखत आणि ढाल म्हणजे २. आपला शत्रू त्याहूनही वरचढ, म्हणजे ० चा.

वीसच्या फाशावर लढवय्याला १२ किंवा जास्त हवेत. म्हणजे वार लागण्याची शक्यता ४५ टक्के. पुरोहिताला आणि चोराला १६ हवेत, म्हणजे २५ टक्के. जादूगाराला १९ हवेत, म्हणजे फक्त १० टक्के.

त्यात लढवय्या या लेव्हलला दोन फेऱ्यांत तीन वार करतो, बाकीचे दोनच. लांब तलवारीची सरासरी इजा ४.५. पुरोहिताच्या पायदळी गदेचीही तितकीच, सुऱ्याची मात्र २.५. ताकदीचा किंवा जादूच्या हत्यारांचा जादा फायदा बाजूला ठेवला आणि चोराच्या हातातही तलवार दिली, तर दोन फेऱ्यांत सरासरी इजा अशी होते. लढवय्या साधारण ६, पुरोहित आणि चोर प्रत्येकी सव्वादोन, आणि जादूगार अर्धा.

म्हणजे समोरासमोरच्या झुंजीत लढवय्या जादूगाराच्या बारा पट भारी. हिट पॉइंटही तसेच. लढवय्याचे सरासरी ४९.५, पुरोहिताचे ४०.५, चोराचे ३१.५ आणि जादूगाराचे २२.५.

मग जादूगार घ्यायचाच कशाला? कारण हाच जादूगार एका मंत्रात आगीचा गोळा फेकतो, आणि त्याची इजा नऊ फासे, सरासरी ३१.५. शत्रू निसटला तर निम्मी. पण ती एकाला नाही, त्या घेऱ्यात सापडलेल्या सगळ्यांना. असे गोळे नवव्या लेव्हलला दिवसातून जास्तीत जास्त तीन. मंत्र एकदा वापरला की डोक्यातून पुसला जातो, पुन्हा पाठ करावा लागतो. ही कल्पना जॅक व्हान्सच्या गोष्टींतली. आणि मंत्र म्हणत असताना कुणी एक वार केला तरी मंत्र वाया.

गायगॅक्स यांच्या हिशेबाची खरी गोम या शेवटच्या नियमात आहे. जादूगाराचा मंत्र पुरा व्हायचा तर त्याच्यासमोर कुणीतरी ढाल धरून उभं राहायला हवं. जो उभा राहील त्याला जखमा होणार, त्या बऱ्या करायला पुरोहित हवा. पुढच्या दारामागे काय आहे, कुलूप कसं उघडायचं, कुठे सापळा लावलाय, हे बघायला चोर हवा. चोर समोरून लढला तर मरतो, पण मागून गेला तर त्याचा वार लागण्याची शक्यता वाढते आणि इजा दुप्पट ते पाचपट होते.

लेव्हल चढण्याची किंमतही सारखी नव्हती. दुसऱ्या लेव्हलला जायला चोराला १,२५१ अनुभव पॉइंट पुरायचे, पुरोहिताला १,५०१, लढवय्याला २,००१ आणि जादूगाराला २,५०१. ज्याची पुढची ताकद जास्त, त्याचा हप्ता जास्त. विमा कंपनीतल्या माणसाला शोभेल असाच हा हिशेब.

त्यामुळे कोण भारी या प्रश्नाला या पुस्तकांत एका नावाचं उत्तर सापडत नाही. एका झुंजीपुरता लढवय्या. एका क्षणापुरता जादूगार. पण भुयारातून जिवंत परत यायचं तर चौघंही.

हा हिशेब निर्दोष होता असं मात्र नाही. पहिल्या लेव्हलचा जादूगार इतका नाजूक की छोट्या तलवारीचा एक सरासरी वारही त्याला पुरायचा, आणि त्याच्याकडे मंत्र एकच. उलट वरच्या लेव्हलला तो इतका बलवान व्हायचा की लढवय्या नुसता अंगरक्षक उरायचा. ही तक्रार खेळाडू वर्षानुवर्षं करत राहिले. १९७८ च्या पुस्तकात स्त्री पात्रांच्या ताकदीची कमाल मर्यादा पुरुषांपेक्षा कमी ठेवली होती, त्यावरही टीका झाली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती मर्यादा काढून टाकण्यात आली.

नाव कुणाचं, पैसा कुणाचा

टेबलावर एकमेकांवाचून कुणाचं चालू नये याची इतकी काळजी घेणाऱ्या माणसाला खऱ्या आयुष्यात मात्र ते जमलं नाही.

डॉन के जानेवारी १९७५ मध्ये हृदयविकारानं अचानक गेले. कंपनीचा पैशाचा व्यवहार आणि गायगॅक्स यांचा भरवशाचा मित्र, दोन्ही एकदम गेलं. पुढे ब्रायन ब्लूम आणि त्यांचे भाऊ केविन यांच्याकडे मिळून जास्त शेअर आले. कंपनी गायगॅक्स यांच्या नावानं ओळखली जात होती, पण बहुमत त्यांच्या हातात नव्हतं.

दुसरी ठिणगी आर्नेसन यांच्याबाबत पडली. मूळ खेळावर दोघांचीही नावं होती. पण अॅडव्हान्स्ड आवृत्ती हा वेगळाच खेळ आहे, अशी भूमिका घेऊन त्यावर आर्नेसन यांना मानधन दिलं गेलं नाही. १९७९ मध्ये आर्नेसन कोर्टात गेले. १९८१ मध्ये तडजोड झाली आणि त्यांचा हक्क मान्य झाला. मैत्री मात्र पूर्वीसारखी राहिली नाही. खेळ नक्की कुणाचा, यावर चाहते आजही भांडतात. आर्नेसन यांच्याशिवाय भुयार नव्हतं, पात्र नव्हतं, हिट पॉइंट नव्हते. आणि गायगॅक्स यांच्याशिवाय ते सगळं एका गटाच्या वहीतच राहिलं असतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

त्याच सुमारास बाहेरूनही वादळ आलं. १९७९ मध्ये मिशिगनमधला एक विद्यार्थी बेपत्ता झाला, आणि तो या खेळाच्या नादात भुयारांत हरवला असं वर्तमानपत्रांनी छापलं. तो नंतर जिवंत सापडला आणि खेळाचा त्याच्याशी संबंध नसल्याचं पुढे आलं. पण बदनामी थांबली नाही. हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो, आत्महत्येकडे ढकलतो, असे आरोप झाले. पालकांच्या संघटना उभ्या राहिल्या, टीव्हीवर चर्चा रंगल्या. गायगॅक्स यांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर जाऊन आपली बाजू मांडली. धमक्या येऊ लागल्या तेव्हा त्यांना अंगरक्षक ठेवावा लागला. गंमत म्हणजे या गदारोळानं खप वाढतच गेला.

आपल्याच किल्ल्याबाहेर

१९८३ मध्ये गायगॅक्स यांचं पहिलं लग्न मोडलं. त्याच काळात ते हॉलिवूडमध्ये मुक्काम ठोकून होते. खेळावर आधारित कार्टून मालिका टीव्हीवर आली. सिनेमाचेही प्रयत्न चालले होते. त्यांच्या तिथल्या उधळ्या राहणीवर पुढे बरीच टीका झाली. इकडे लेक जिनिव्हात कंपनी कर्जात बुडत चालली होती.

परत आल्यावर त्यांनी कंपनी सावरण्यासाठी पुन्हा लेखणी उचलली. १९८५ मध्ये आलेलं त्यांचं अनअर्थ्ड आर्काना हे पुस्तक जोरात खपलं. हातघाईचा हिशेबही त्यात पुन्हा फिरला. लढवय्याला एका हत्यारात खास प्रावीण्य मिळवण्याची सोय झाली, आणि बारा बाजूंच्या फाशाचे हिट पॉइंट घेणारा बार्बेरियन हा नवा वर्ग आला.

पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्लूम बंधूंनी आपले शेअर लॉरेन विल्यम्स यांना विकले. गायगॅक्स यांनीच त्यांना कंपनी चालवायला मदत म्हणून आणलं होतं. आता बहुमत विल्यम्स यांच्याकडे गेलं. गायगॅक्स यांनी कोर्टात दाद मागितली, पण हरले. १९८६ च्या अखेरीस त्यांनी कंपनी सोडली. मुलांना घेऊन घरात खेळलेलं ग्रेहॉकचं जगही कंपनीच्या मालकीचं राहिलं. त्या जगाचे पुढचे नकाशे दुसऱ्यांनी काढले.

त्यांनी हार मानली नाही. १९८७ मध्ये गेल कार्पेंटर यांच्याशी दुसरं लग्न केलं, नवे खेळ लिहिले. १९९२ मध्ये त्यांचा डेंजरस जर्नीज हा नवा खेळ आला, तर टीएसआरनं त्यांच्यावरच खटला भरला. शेवटी तडजोडीत तो खेळ टीएसआरनं विकत घेतला आणि गुंडाळून ठेवला. १९९९ मध्ये लेजेंडरी अॅडव्हेंचर आला. पहिल्या खेळाचं यश मात्र पुन्हा मिळालं नाही.

१९९७ मध्ये टीएसआर स्वतःच डबघाईला आली आणि विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं ती विकत घेतली. २००० मध्ये खेळाची तिसरी आवृत्ती निघाली आणि गायगॅक्स यांच्या तक्त्यांची जागा साध्या बेरजेनं घेतली. लढवय्याला दर लेव्हलला एक, पुरोहिताला आणि चोराला चार लेव्हलमागे तीन, जादूगाराला दोन लेव्हलमागे एक. मांडणी बदलली, पण उतरंड तीच राहिली.

शेवटचा डाव

उतारवयात गायगॅक्स लेक जिनिव्हातच राहिले. घराच्या ओसरीवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्या चाहत्यांशी गप्पा मारत, अनोळखी पोरांसोबतही डाव मांडत. इंटरनेटवर लोकांच्या नियमांविषयीच्या शंकांना स्वतः उत्तरं देत. हिट पॉइंट म्हणजे अंगावरचं मांस नव्हे, त्यात नशीब, चपळाई आणि लढाईचा सराव सगळं आलं, हे त्यांना लोकांना पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागायचं. २००४ मध्ये त्यांना पक्षाघाताचे झटके आले. तरी डाव चालूच राहिले. ४ मार्च २००८ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, लेक जिनिव्हातल्या राहत्या घरी त्यांचं निधन झालं. वर्षभरानं, एप्रिल २००९ मध्ये, डेव्ह आर्नेसनही गेले.

तोवर त्यांनी मांडलेला हिशेब टेबलावरून केव्हाच कॉम्प्युटरवर गेला होता. १९८० च्या दशकातल्या विझर्ड्री आणि अल्टिमा या गेमपासून ते आजच्या मोबाइलवरच्या गेमपर्यंत वर्ग, लेव्हल आणि हिट पॉइंट यांची साखळी सलग दिसते. पुढे उभा राहून मार खाणारा, मागून मारा करणारा आणि जखमा भरणारा, ही ऑनलाइन गेममधली कामांची वाटणीही त्याच भुयारातून आलेली.

गायगॅक्स यांच्या अंत्यविधीनंतर त्यांचे घरचे, मित्र आणि लांबून आलेले खेळाडू गावातल्या एका हॉलमध्ये जमले. थोड्या वेळानं कुणीतरी फासे काढले, टेबलं भरली आणि डाव सुरू झाले. पुढच्या वर्षापासून त्याचाच गॅरी कॉन नावाचा मेळावा झाला. दर मार्चमध्ये लोक तिथे येतात, अनोळखी माणसांच्या टेबलावर बसतात, आणि भुयारात उतरण्याआधी पहिला प्रश्न ठरलेला असतो. लढवय्या कोण घेतंय, पुरोहित कोण, आणि कुलपं कोण उघडणार?